घंटी कुठं वाजते? जागलीपासून ब्रॉडबँडपर्यंत

आजचा भाग घराच्या राखणीचा आहे. कॅमेरा, सेन्सर, डीव्हीआर, मोबाईलमधलं ॲप, आणि हे सगळं ब्रॉडबँडला जोडायची वेळ आपल्यावर कशी आली त्याची गोष्ट. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

विषय का निवडला, ते मोर्शीत एक चक्कर मारली तरी कळतं. आता गल्लोगल्ली फाटकावर एखादा तरी पांढरा कॅमेरा दिसतो. संत्र्याच्या बागेतही सोलर पॅनलवाले, सिमकार्डवाले कॅमेरे दिसायला लागलेत. कारण साधं आहे. पोरं पुण्यात, नागपुरात, बंगळुरात. आई-बाबा गावात. दार मोर्शीत आणि दाराची घंटी हिंजवडीत, म्हणजे सहाशेच्या वर किलोमीटरवर, कोणाच्या तरी खिशात वाजते.

म्हणून आज सगळा इतिहास एकाच प्रश्नाला धरून बघू. चोर आला तर घंटी कुठं वाजते? आणि ती ऐकून दारापर्यंत येतं कोण?

जागल

आपल्याकडं शेतात रात्री राखणीला जायचं त्याला "जागल" म्हणतात. रानडुकरं येतात, बहार तोडायला आला की माणसंही येतात, म्हणून कोणी तरी मचाणावर किंवा खाटेवर रात्र काढतो. गावाची जागल करणारा तो जागल्या. अनोळखी माणूस वेशीत शिरला तर हाक देणं, चोरी झाली तर पावलांचा माग काढणं, पाटलाला खबर देणं ही त्याची कामं. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर तोच, भोंगा तोच आणि निरोप्याही तोच.

पण ही व्यवस्था गोड आठवण म्हणून सांगण्यासारखी नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी राखणीचं आणि निरोपाचं काम महार समाजावर वतन म्हणून लादलेलं होतं. रात्र नाही, दिवस नाही, सरकारी आणि गावकीची कामं, आणि बदल्यात थोडी जमीन नि बलुतं. ज्याच्या जागण्यावर गाव निवांत झोपायचं, त्याला त्याच गावाच्या घरात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं ते याचसाठी. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांताला जोडलेला होता. पण वेठीचा प्रश्न दोन्हीकडं होता. घराच्या राखणीचा इतिहास सांगताना हे आधी सांगायलाच हवं. राखणीची किंमत कोणी ना कोणी मोजतच असतं, आणि पुष्कळदा मोजणारा दुसराच असतो.

तार आली, घंटी लांब गेली

आता अमेरिकेत जाऊ, कारण विजेवर चालणारी चोरघंटी तिथं जन्मली. बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावात ऑगस्टस पोप नावाचे एक धर्मोपदेशक होते. २१ जून १८५३ ला त्यांना एका यंत्राचं पेटंट मिळालं. दार-खिडक्यांना तारा जोडायच्या, बॅटरी लावायची. दार उघडलं की विजेचं वर्तुळ पूर्ण होतं, विद्युतचुंबक हातोडी हलवतो आणि घंटा वाजते. आजही दारावर जो चुंबकाचा सेन्सर बसवतात त्याचा हा पणजोबा समजा.

ही घंटी घरातच वाजायची. म्हणजे घरात माणूस असेल तरच उपयोग.

१८५७ मध्ये एडविन होम्स या व्यापाऱ्यानं पोपचे हक्क विकत घेतले आणि १८५९ मध्ये धंदा न्यूयॉर्कला नेला. पुढं त्याच्या कंपनीनं एक वेगळी गोष्ट केली. घराघरातल्या, दुकानांतल्या आणि बँकांमधल्या तारा एका कार्यालयात आणून सोडल्या. आता घंटी घरात नाही, कंपनीत वाजायची, आणि तिथून माणूस पाठवला जायचा. राखण ही महिन्याच्या वर्गणीवर मिळणारी सेवा झाली. आज आपण क्लाउड रेकॉर्डिंगचे महिन्याला पैसे भरतो, त्या धंद्याचं मूळ इथं आहे.

आता गंमत ऐका. ग्रॅहॅम बेलनं टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये घेतलं, पण टेलिफोनला तारा कुठून आणायच्या? होम्सच्या कंपनीच्या तारा बॉस्टनच्या बँकांपर्यंत आधीच गेलेल्या होत्या. १८७७ मध्ये त्याच तारांवर टेलिफोन जोडून बघितले. दिवसा त्या तारेवर बोलायचं, रात्री तीच तार चोरघंटीची. जगातल्या अगदी पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याची गणना होते. आपल्याला वाटतं की राखणीची यंत्रं कायम दुसऱ्याच्या तारेवर उपऱ्यासारखी राहिली. सुरुवातीला उलटं होतं, टेलिफोनच चोरघंटीच्या घरी पाहुणा म्हणून आला.

त्याच काळात अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ, म्हणजे आजची एडीटी, उभी राहिली. वर्ष १८७४. घरात एक डबी बसवायची, तिची कळ फिरवली की कार्यालयातून निरोप्या, पोलीस नाहीतर आगीचा बंब यायचा. डबी छोटीच, पण तिच्या पलीकडं माणसांची फौज बसलेली असायची. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि आपल्याकडं?

भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रासमध्ये टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्येच सुरू झाली. बॉस्टननंतर फक्त पाच वर्षांनी! पण ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांसाठी. वऱ्हाडात त्या काळात कापसाचा पैसा खेळत होता, जिनिंग-प्रेसिंग उभे राहत होते, पण घराची राखण म्हणजे वाड्याच्या जाड भिंती, दिंडी दरवाजा, आडणा, कडीकोयंडा आणि कुलूप. १८९७ मध्ये आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईच्या लालबागमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. पुढं पिढ्यानपिढ्या आपल्याकडं "सिक्युरिटी सिस्टीम" म्हणजे गोदरेजचं कुलूप आणि गोदरेजचं कपाट. शहरात त्याला शिट्टी-काठीवाल्या गुरख्याची जोड.

तारेवरची चोरघंटी आपल्याकडं घराघरात का नाही आली? कारण तारच नव्हती. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारी ती पिढी. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, त्यांनी १२८ लाईनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, धूळ आणि उकाडा सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं. त्यातून तालुक्याच्या गावांत आणि खेड्यांत फोन वाजायला लागले. पण तोवर जगात चोरघंटी पुढच्या पायरीवर गेली होती.

नर्सबाईंचा कॅमेरा

ही पायरी एका नर्सनं बांधली. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय परिचारिका. तिच्या ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही वेळा तशाच. वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलीस बोलावले तर उशिरा येणार. म्हणून दोघांनी मिळून १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं.

त्यात काय होतं बघा. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागं खाली-वर सरकणारा कॅमेरा, बेडरूममध्ये टीव्हीचा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलायला माईक, ओळखीचा असेल तर आतूनच दार उघडायची सोय, आणि नसेल तर धोक्याचा इशारा देणारं बटन. आजच्या व्हिडिओ डोअरबेलमध्ये याहून वेगळं काय आहे? फक्त पडदा बेडरूममधून खिशात आला.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही कल्पना हौसेतून आली नाही. बोलावल्यावर कोणी वेळेवर येत नाही, या अनुभवातून आली. ज्याला यंत्रणेवर भरवसा नाही तो स्वतः बघायची सोय करतो. गावातल्या म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी फाटकावर कॅमेरा बसवणारी मुलंही तेच करत असतात.

चित्र इंटरनेटवर चढलं

१९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिना चढून जायचं आणि भांडं रिकामं बघायचं याचा कंटाळा आला होता. १९९३ मध्ये तेच चित्र वेबवर टाकलं. जगातला पहिला वेबकॅम म्हणून लोक त्याच्याकडं बोट दाखवतात. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा विकायला काढला. संगणकाची गरज नाही, कॅमेऱ्यालाच स्वतःचा पत्ता. तो सेकंदाला जेमतेम एक चित्र द्यायचा.

आपल्याकडं विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायल-अप, म्हणजे नेट चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. त्यावर राखण होणं शक्यच नव्हतं. राखणीला चोवीस तास जोडलेली तार लागते, आणि ब्रॉडबँडचं खरं महत्त्व तिथं आहे. वेग नंतरचा मुद्दा, आधी "कायम चालू" हा मुद्दा.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात व्याख्या होती सेकंदाला २५६ किलोबिट. थोडं गणित करू. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाईट. साधारण एका छोट्या फोटोएवढं. बरं, हा वेग तुमच्याकडं येणाऱ्या माहितीचा. कॅमेऱ्याला लागतं उलटं, घरातून बाहेर पाठवणं, म्हणजे अपलोड. तांब्याच्या तारेवरचं ते ब्रॉडबँड बनवलंच होतं असं की येणारा रस्ता रुंद आणि जाणारा अरुंद. आजच्या साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले, तर तो त्या जुन्या व्याख्येच्या जवळपास आठपट. आणि दिवसभर चालू ठेवला तर एका दिवसात साधारण २१ जीबी! म्हणूनच आजही डीव्हीआर घरातच ठेवतात, चित्रण तिथंच साठवतात, आणि बाहेर पाठवतात ते फक्त आपण बघू तेव्हा, किंवा काही हललं तेव्हा.

हा रस्ता रुंद केला फायबरनं. केंद्रानं २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तीच पुढं भारतनेट झाली. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या हरिसालला, सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून "डिजिटल गाव" करायचा प्रयोग केला. टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून जंगलात इंटरनेट न्यायचं अशी त्यातली कल्पना. पण तालुक्याच्या गावांत फायबर घरात पोचवण्यात मोठा वाटा गावोगावच्या केबलवाल्यांचा. ज्या खांबावरून आधी सिनेमाचे चॅनल यायचे, त्याच खांबावरून आता कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जातं. बॉस्टनसारखंच, तार एकाची आणि काम दुसऱ्याचं.

आतून बाहेर, की बाहेरून आत?

आता थोडं माझ्या धंद्यातलं. घरातला कॅमेरा बाहेरून दिसावा कसा? तुमच्या राउटरचा बाहेरच्या जगाला एक पत्ता असतो, घरातल्या यंत्रांचे पत्ते आतले. राउटर हा वाड्याचा दरवाजा समजा. बाहेरून आलेल्याला आतल्या खोल्या माहीत नसतात.

जुनी पद्धत अशी होती की बसवणारा माणूस राउटरमध्ये एक पोर्ट उघडून ठेवायचा. म्हणजे वाड्याच्या भिंतीला भोक पाडून सांगायचं, या भोकातून आलं की थेट डीव्हीआर. मालकाला पुण्यातून दिसायला लागायचं, सगळे खूश. पण भोक तुमच्या एकट्यासाठी नसतं. २००९ पासून शोडान नावाचं शोधयंत्र आहे, ते इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रंच शोधून यादी देतं.

मग आयपी पत्तेच संपत आले. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यात पोचला. कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला लागल्या, त्यामुळं भोक पाडायची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालेना. त्यातून आजची पद्धत रूढ झाली. कॅमेरा स्वतःच आतून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसतो, तुमचं ॲपही त्याच सर्व्हरला फोन लावतं, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. सोपं आहे, भिंतही शाबूत. फक्त मध्ये एक तिसरा येऊन बसलाय, कुठल्या देशात ते आपल्याला माहीत नाही. होम्सचं ते मधलं कार्यालयच परत आलं, पण आता तिथून धावत कोणी येत नाही.

राखणदार फितूर झाला

२०१६ मध्ये याची किंमत जगाला कळली. मिराई नावाचा व्हायरस पसरला. तो काही फार हुशार नव्हता. त्याच्याकडं कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, ॲडमिन-ॲडमिन असल्या. इंटरनेटवर फिरायचं, कॅमेरे, डीव्हीआर, राउटर शोधायचे आणि एकेक किल्ली लावून बघायची. लाखो यंत्रं उघडली. २१ ऑक्टोबर २०१६ ला या यंत्रांच्या झुंडीनं डिन नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ लोकांसाठी तासनतास बंद पडल्या. पुढं पकडली गेली ती कॉलेजच्या वयाची पोरं.

यात भीती वाटावी अशी गोष्ट अशी, की मालकांना काहीच कळलं नाही. कॅमेरा नेहमीसारखं फाटक दाखवत होता, आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या चाकरीत होता.

भारत सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे नियम अधिसूचित केले आणि एप्रिल २०२५ पासून विक्रीआधी त्या कसोट्यांची तपासणी सक्तीची केली. उशिरा का होईना, बरं झालं. पण आधीच भिंतींवर टांगलेल्या कॅमेऱ्यांना हा नियम मागं जाऊन दुरुस्त करत नाही. ते काम आपलंच.

लाईट गेली तर?

आणखी एक गोष्ट जुन्या तारेसोबत गेली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तांब्याच्या टेलिफोन तारेत एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज यायची आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असायच्या. म्हणून घरची लाईट गेली तरी फोन चालायचा. दोन हजारच्या दशकातलं भारनियमन आठवत असेल त्यांना हे माहीत आहे, अंधारात फोन मात्र वाजायचा. त्या तारेवरची चोरघंटी अंधारातही निरोप पोचवू शकायची.

फायबरमधून उजेड जातो, वीज नाही. घरातला फायबरचा डबा, राउटर, डीव्हीआर, सगळं घरच्या लाईटवर. लाईट गेली की राखण संपली, आणि चोराला लाईट घालवायला मीटरपर्यंत हात पोचला की पुरे. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं जाळं बंद करायची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवावी लागली, त्यामागं एक मोठं कारण म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या मदतीच्या घंट्या त्याच तारेवर आहेत. आपल्याकडं कोणाच्या लक्षात यायच्या आतच ती तार निघून गेली.

मग काय करायचं?

इतिहासातून एवढं दिसतं. घंटी घरातून कंपनीत गेली, कंपनीतून खिशात आली. प्रत्येक वेळी ती लांब गेली आणि ऐकणारा दारापासून दूर झाला. पोपच्या घंटीला घरचा माणूस उठायचा, होम्सच्या घंटीला कंपनीचा माणूस निघायचा. आपल्या घंटीला हिंजवडीतला मुलगा मीटिंगमध्ये मोबाईल बघतो. त्याला चोर अगदी स्पष्ट दिसेल, एचडीमध्ये. पण तो येऊ शकत नाही.

म्हणून पाच कामं, या शनिवारी-रविवारीच करा. एक, कारखान्याचा पासवर्ड बदला, ॲपला दुहेरी पडताळणी लावा आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा. दोन, राउटरमध्ये कोणी पोर्ट उघडून ठेवलाय का बघा आणि बंद करा. बसवणाऱ्याकडं पासवर्ड राहिला असेल तर तोही बदला. तीन, फायबरचा डबा, राउटर आणि डीव्हीआर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर छोटा यूपीएस लावा. चार, कॅमेऱ्याचं तोंड आपल्या फाटकाकडं ठेवा, शेजारच्या अंगणाकडं नाही. पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या ॲपमध्ये शेजारच्या काकांना किंवा गल्लीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला घ्या. तेवढं नको असेल तर त्यांचा नंबर वरच ठेवा, आणि ११२ ही. घंटी वाजली की पहिला फोन पायी दोन मिनिटांत पोचणाऱ्याला गेला पाहिजे.

आणि घरातल्या कॅमेऱ्याबद्दल. फाटकावरचा कॅमेरा चोरावर असतो. हॉलमधला, स्वयंपाकघरातला कॅमेरा आई-बाबांवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो सत्तर वर्षांच्या आईलाही आहे, आणि मुलगा प्रेमानं बघतोय म्हणून तो संपत नाही. आई पडली तर कळावं म्हणून कॅमेरा लावायचा असेल तर तिला विचारून लावा, कुठं लावलाय ते दाखवा, बंद करायचं बटन तिच्या हातात द्या. जागल्याला कोणी विचारलं नव्हतं की तुला जागायचंय का. आता निदान ज्याच्यासाठी जागतोय त्याला तरी विचारू.

तर राजेहो, हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, आणि शेजारच्या काकांनाही पाठवा. तुमच्याकडं रात्रीच्या राखणीला काय शब्द आहे, "जागल" की आणखी काही, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात वाजवू. येतो, राम राम.